वाढलेली बांगडी

एकदा एक वायरमन आपल्या जुन्या गुरुजींकडे आला. दाराशी चपला काढताना त्यातली एक उलटी पडली, पण त्याचं लक्ष नव्हतं. गुरुजींचं होतं. त्यांनी वाकून ती सुलटी केली आणि विचारलं, "हणमंता, घरी कुणाशी वाजलंय?"

हणमंत ओशाळला. हा गुरुजींचा शाळेतला विद्यार्थी. आता दोन पोरांचा बाप झाला होता आणि शिडी खांद्यावर टाकून गावभर दिवे लावत हिंडत होता, म्हणजे चांगल्या अर्थाने. पण अडचण आली की त्याचे पाय अजूनही याच ओसरीकडे वळत.

"वाजलं असतं तर बरं होतं, गुरुजी. बायको बोलतच नाही."

झालं होतं असं. त्याच्या शेजारचा रिक्षावाला स्वतःच्या घरच्या मोरीत साबणावरून घसरला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. सारा जन्म रस्त्यावर काढलेला माणूस, आणि पडला कुठे, तर मोरीत. रिक्षा आधी दारात उभी राहिली, मग विकली गेली. थोरल्या मुलीचं कॉलेज सुटलं. हे रोज डोळ्यांसमोर पाहून हणमंतच्या बायकोचा, वैजयंताचा, जीव थाऱ्यावर राहिना. हणमंत तर शिडीवरचा माणूस. एका संध्याकाळी ती त्याला म्हणाली, "अपघाताचा विमा घ्या हो. तुम्हाला काही झालं, तर पोरांचं कसं होणार?"

हणमंतची आई लगेच कडाडली, "तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते." हणमंतने आईची री ओढली ती ओढलीच, वर बायकोला म्हणाला, "माझ्या मरणावरच टपलीयस वाटतं." त्या दिवसापासून वैजयंता ताट वाढते, डबा भरते, पण बोलत नाही.

"मी बोललो ते चुकलंच," हणमंत म्हणाला. "पण आईचं तरी खोटं कसं म्हणू? खरं सांगू का, भीती मलाही वाटते. सही केली म्हणजे अपघाताला आपणहून आवतण दिल्यासारखं. शिडीवर चढताना तेच मनात येत राहील."

गुरुजी हसले नाहीत. अशा भीतीला हसू नये, ती मायेपोटीच आलेली असते. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि म्हणाले, "चल, तुला बांगड्या भरू."

हणमंतला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पुरुषाला 'बांगड्या भर' म्हणणं ही आपल्याकडे शिवी. ज्याने ती शिवी काढली त्याने बांगड्या भरलेले हात दिवसभर काय काय उपसतात ते कधी पाहिलं नसावं, पण ते असो. गुरूची आज्ञा, म्हणून हणमंत मान खाली घालून निघाला.

बाजारपेठेत मालन कासारणीचं दुकान होतं. गुरुजी म्हणाले, "मालनबाई, या गृहस्थाला हिरव्या बांगड्या भरा."

मालनबाईंनी एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा हणमंतकडे. "चेष्टा करताय व्हय, गुरुजी?"

"अजिबात नाही."

"मग बसा दादा. हात सैल सोडा. अंगठा आत घ्या."

पण वायर ओढून राठ झालेला तो हात सैल कसला सुटतोय. पहिली बांगडी सांध्यावर गेली आणि कट्कन आवाज झाला. "वाढली," म्हणत मालनबाईंनी तुकडे बाजूला सारले आणि दुसरी घेतली. तीही वाढली. मग त्यांनी त्याच्या हाताला तेल लावलं, मोठ्या मापाची बांगडी घेतली, बोटं एकेक दाबत ती हळूहळू वर चढवली. एक हिरवी बांगडी हणमंतच्या मनगटावर जाऊन बसली. पेठेतली माणसं बघत होती. हणमंतचे कान लाल झाले होते.

घाईघाईने त्याने खिशात हात घातला. "सगळ्यांचे घ्या, मावशी. मोडल्या त्यांचेही."

"त्यांचे कशापायी?" मालनबाई म्हणाल्या. "लेणारीनं नमस्कार केला की बांगडी तिची. त्याच्या आधी वाढली तर ती माझी. आमच्याकडं रीतच हाय तशी."

"पण मग तुमचं नुकसान होतं की."

"माझं एकटीचं कशानं होईल? रोज एखादी वाढतेच. म्हणून दर बाईच्या बांगडीमागं थोडं थोडं धरलेलं असतंय."

हणमंतने दाम दिले आणि वाकून नमस्कार केला. आता ती बांगडी त्याची झाली होती.

परतीच्या वाटेवर पिंपळाच्या पाराशी गुरुजी टेकले. हणमंत म्हणाला, "गुरुजी, माझी शोभा कशाला केलीत?"

"तुझ्या आईला आवडावी अशी बाई दाखवायला," गुरुजी म्हणाले. "मालनबाईंच्या तोंडून 'फुटली' हा शब्द एकदा तरी ऐकलास का? नाही ना? त्या वाढलीच म्हणाल्या. जिभेवर अभद्र येऊ देत नाहीत, पण तरतूद मात्र करून ठेवतात. तरतूद केली म्हणून त्यांच्या दुकानात काचा जास्त फुटत नाहीत, बाळा. काच आपल्या धर्मानं फुटते, हाड आपल्या धर्मानं मोडतं. विमा हाड जोडत नाही. पण एका घराच्या डोक्यावर पडणारं ओझं हजार घरांनी आधीच थोडं थोडं उचललेलं असतं, म्हणून ते घर वाकत नाही."

"आणि मला जन्मभर काहीच झालं नाही तर? भरलेलं वाया?"

"जिची एकही बांगडी वाढली नाही, ती बाई रडत घरी जाते का रे?"

हणमंतला हसू आलं. गुरुजींना नाही आलं. "मात्र एक ध्यानात ठेव. नमस्कार झाल्यावर वाढली तर मालनबाई नवी देतील, पण पुरा दाम घेऊन. रिक्षावाल्याला आता हे सांगून काय उपयोग? सोय करायची ती आधी. आणि काय भरून मिळतं, काय नाही, हेही आधीच विचारून घ्यायचं."

"पण वास्तू, गुरुजी? ती तथास्तु म्हणाली तर?"

"तुझी बायको नेमकं काय बोलली होती?"

"तुम्हाला काही झालं, तर पोरांचं कसं होणार?"

"हा तर प्रश्न झाला," गुरुजी म्हणाले. "प्रश्नाला तथास्तु कसं म्हणणार? वास्तू बिचारी तेव्हापासून उत्तराची वाट पाहत बसली असेल. ते द्यायचं तुझ्याकडे होतं, आणि तू काय दिलंस?"

हणमंतची मान खाली गेली. त्याचे डोळे भरून आले होते.

तो घरी पोचला तेव्हा देवापुढे दिवा लागला होता. आई लसूण सोलत बसली होती, वैजयंता चुलीपाशी होती. तिची नजर त्याच्या मनगटावर गेली आणि इतक्या दिवसांचा अबोला ती विसरली. "अगंबाई, हे काय?"

"काढायची तर वाढवावी लागेल, म्हणून राहू दिली," हणमंत म्हणाला. मग तो तिच्यासमोर खाली बसला. "वैजू, त्या दिवशी मी नको ते बोललो. तू विचारलं होतंस, मला काही झालं तर पोरांचं कसं होणार. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. मला काही झालं तरी पोरांची शाळा सुटणार नाही आणि या घराला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. विम्याच्या माणसाला उद्या बोलावतो. तूही बस आणि सगळं खोदून खोदून विचार."

वैजयंताने पदराने डोळे पुसले. आईच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली.

मग म्हातारी, कुणाकडे न पाहता, हळूच म्हणाली, "तथास्तु."