पाळणाघर आणि दुपारचा भोंगा

काजूच्या कारखान्यातलं पाळणाघर वर्षभर कुलपात आहे, हे झाडलोट करणारी चंद्रावती सांगून सांगून थकली, पण सरकारी कचेरीत कोणी खरं मानेना. तिथंच काजू फोडणारी तिची सून बिचारी दुपारच्या सुट्टीत तान्ह्याला पाजायला घरी धावत जायची.

अशात सरकारनं ठरवलं, पाळणाघर असेल त्या कारखान्याला सवलत आधी. तपासणीला सरकारी बाईसाहेब आल्या, तर पाळणाघर उघडं आणि आत पाच लेकरं.

"धंद्यानं समाजाचं देणं फेडावं, बाईसाहेब," शेठ म्हणाले. "ही सगळी आमच्या कामगारणींची मुलं."

चंद्रावतीनं झाडू भिंतीला टेकवला. "मग दुपारचा भोंगा वाजवायला सांगा, बाईसाहेब. आया येतील की भेटायला."

भोंगा वाजला. बायकांनी काजूच्या चिकानं काळे झालेले हात घासून धुतले आणि तान्ह्यांच्या आया थेट फाटकाबाहेर, घराकडे पळाल्या. पाळणाघराकडे एकही वळली नाही.

भोंग्याला भ्यालेली एक चिमुरडी मात्र रडत शेठच्या पायांना बिलगली. "आजोबा, घरी चला."

"शेठ, हिची आई कुठल्या पाटावर काजू फोडते?" चंद्रावतीनं विचारलं.

शेठ चिमुरडीची मिठी सोडवू लागले.

बाईसाहेबांनी पेन काढलं. "खोटी माहिती देणाऱ्याचं नाव?"

"लिहा," चंद्रावती म्हणाली, "सदानंदशेठ मुळीक."