बाकावरचं बकुळफूल

बकुळीच्या झाडाखाली एक बाक होता, आणि त्या बाकावर बसून बसून कंटाळलेली एक चिमुकली मुलगी होती. तिचं नाव कावेरी. तिचे बूट मावसबहिणीचे जुने, पुढे कापूस कोंबलेले. आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. कावेरी रोज सगळ्यांच्या आधी येऊन बास्केटबॉलचं मैदान झाडायची, चेंडू पुसायची. पण सामना आला की हर्डीकर सर उंच मुलींनाच खेळवायचे. उरलेल्या चौघी म्हणजे कच्चं लिंबू, बसा बाकावर!

आज तर आई पहिल्यांदाच सामना बघायला येणार होती. झाडता झाडता कावेरीचे डोळे भरून आले. तरी बकुळीची फुलं तिनं केरात लोटली नाहीत, एकेक अलगद उचलून ठेवली.

त्यातलं एक इवलंसं फूल लुकलुकलं आणि आतून बोटाएवढी परी बाहेर आली. मोतिया झगा, पंखांवर सोनेरी दहिवर!

"माझं घर वाचवलंस, बाळ. माग काय हवं ते. फक्त जिंकणं मागू नकोस, ते मी कुणालाच देत नाही."

"मला नुसतं खेळायचंय गं, परीताई!"

"मग हे फूल मोज्यात ठेव. ज्याच्याजवळ हे फूल, त्याला सर खेळायला बोलावतील. पण एकदा कुणाला दिलंस, तर मागून परत मिळायचं नाही हं."

आणि खरंच, सामना सुरू होताच सर म्हणाले, "कावेरी, चल आत!"

कावेरी धावली, उडाली, खुदुखुदु हसली. मध्यंतरात ती पाणी प्यायला आली, तर बाकावर चौघींतली धाकटी सलमा बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत होती. वर्षभर तिचं तेच चाललेलं. कालपर्यंत कावेरीही तेच करायची.

आई अजून आली नव्हती. तरी कावेरीनं मोज्यातून फूल काढलं आणि सलमाच्या हातावर ठेवलं. "हे मोज्यात ठेव. थोडं खेळ, मग पुढचीला दे."

सलमा खेळली. मग तिसरी, मग चौथी. आई आली तेव्हा कावेरी बाकावरच होती. तिची मान खाली गेली. आई शेजारी टेकली.

तेवढ्यात चौथी धापा टाकत आली. तिनं न मागताच फूल कावेरीच्या हातात कोंबलं. "आता तुझी पाळी!"

"कावेरी, चल!" सरांची हाक आली. आईच्या डोळ्यांदेखत तिनं फेकलेला चेंडू कड्यावर दोनदा नाचला आणि जाळीतून टुपकन खाली आला. आईनं टाळ्या वाजवून हात लाल केले.

विजय एका गुणानं हुकला. पण घामाघूम चौघींकडे बघून सर डोकं खाजवत म्हणाले, "चुकलंच माझं, पोरींनो. उद्यापासून सगळ्यांना सारखा वेळ."

"आता माझं काम संपलं," बकुळीवरून परी हसली. सोनेरी उजेड फांद्याफांद्यांतून झरला आणि त्यात ती विरून गेली.

बाक अजून तिथंच आहे. आता त्यावर उंच मुलीही बसतात, पाळीपाळीनं. नाड्या मात्र कुणीच सोडत नाही.