आक्काच्या हौदाचं निवळ पाणी

एका गावात एक भोळा मामा होता. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं हा किस्सा स्वतःच सांगत सुटतात, मग माझ्याकडं काय उरणार?

मामाचं नाव गेनू. राहायचा थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं. गेनूला सांगितलेलं काम तो करायचाच. एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. बाहेर काढायचं म्हणजे आक्काला घाम फुटायचा.

त्या उन्हाळ्यात आक्कानं अंगणात पोहायचा हौद आणला. खणलेला नव्हे, जमिनीवर उभा करायचा. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं निळं जाड प्लास्टिक. हे सगळं कशासाठी? तर नातवंडांसाठी. चिनू आणि पिंटी सुट्टीत नेहमी दुसऱ्या आजीकडं पळायची, कारण विहीणबाईंच्या घरापुढंच नदी. आक्काच्या गावात नदी नाही, ओढा नाही, नळाला पाणी नाही. हौद भरायला टँकर आणावा लागला, आणि टँकरवाला जाताना सांगून गेला, "पुन्हा बोलावू नका. आता पाऊस पडल्यावरच भेटू."

"ऐकलंस ना गेनू?" आक्का म्हणाली. "रविवारी पोरं येणार. सोबत विहीणबाई येणार, पाणी बघायला. पाणी घाण दिसलं तर त्या पोरांना आल्या पावली घेऊन जातील."

गेनू ताडकन उठून उभा राहिला. पोरं त्याला 'गेनूआबा' म्हणून हाका मारायची. साऱ्या गावात त्याला आबा म्हणणारी तेवढी दोनच माणसं.

"काय करू सांग, आक्का."

"ही जाळी घे. पाण्यावर काही तरंगताना दिसलं की उचल आणि कुंपणापलीकडं फेक. डोक्यात शिरलं का?"

"शिरलं, आक्का."

गेनू हौदापाशी बसला. लिंबाचं पान पडलं, फेकलं. माशी पडली, फेकली. मग त्याला एक भोकाभोकांचा पांढरा डबा तरंगताना दिसला. एवढी मोठी घाण! गेनूनं तो असा भिरकावला की शेजारच्या कडब्याच्या गंजीत जाऊन रुतला. बिचारा खूष झाला.

पाणी मात्र हिरवट व्हायला लागलं. आक्कानं कपाळावर हात मारला. "अरे मुडद्या, त्या डब्यात पाण्याचं औषध होतं! औषध कुणी फेकतं का? औषध आलं की गुमान पाण्यात सोडायचं असतं. शिरलं का?"

"शिरलं, आक्का."

दुपारी मेडिकलवाला दारात आला. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, खोकून खोकून बेजार झाले होते. त्यांची लालभडक बाटली त्यानं गेनूच्या हातात दिली. "औषध आहे, नीट घेऊन जा."

औषध म्हटल्यावर गेनू कशाला थांबतोय! बूच काढलं आणि सगळी बाटली हौदात. तळाशी राहिलेलंसुद्धा विसळून ओतलं. घरात दाजी खोकत राहिले, आणि हौदातलं हिरवं पाणी एका कडेनं तांबूस झालं.

"अरे देवा!" आक्का ओरडली. "ते दाजींचं होतं! दुकानातून असलं काही आलं की दाजींच्या घशाखाली घालायचं. नको म्हणाले तरी ऐकायचं नाही, तोंड वाकडं करायची त्यांना सवयच आहे. शिरलं का?"

"शिरलं, आक्का."

आता पाण्याचं काय करायचं? आक्कानं वाण्याला निरोप धाडला, पाणी निवळायला तुरटी पाठव. तुरटीचा चांगला मुठीएवढा खडा आला. तो गेनूच्या हाती पडला आणि गेनू थेट दाजींच्या खाटेपाशी. वाटीत पाणी घेतलं, तुरटी खळाखळा हलवली.

"दाजी, आ करा."

"काय आहे?"

"दुकानातून आलंय."

"नको रे, मला नको..."

"तुम्ही नको म्हणणार हे आक्कानं सांगितलंय मला."

आणि ओतली वाटी. दाजींच्या तोंडाचा जो चंबू झाला तो संध्याकाळपर्यंत सुटेना. बोलता येईना, शिव्यासुद्धा देता येईनात. आक्का घरात आली तर सगळं शांत. तिला क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला बोला.

मग कळलं. यावेळी आक्कानं गेनूचा दंड धरून त्याला हौदापाशी नेलं. "तुरटी ही अशी हातात धरायची आणि पाण्यात गोल गोल फिरवायची. मी थांब म्हणेपर्यंत."

गेनू फिरवत राहिला. आक्का जेवायला विसरली नाही, थांब म्हणायला मात्र विसरली. दिवेलागणीला तिला आठवण झाली तेव्हा गेनू स्वतःच हौदाभोवती फिरत होता.

पण सकाळी बघावं तर काय! पाणी निवळशंख. सगळी घाण तळाशी मधोमध बसलेली, हौदाच्या बुडावरचे छापील मासे लख्ख दिसत होते. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेनू, जिंकलास रे!" तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. असा हात फार दिवसांत फिरला नव्हता. गेनू गहिवरला.

"दमलास. जा, मला प्यायला पाणी आण आणि तूही घे."

स्वयंपाकघरातल्या हंड्यातही आक्कानं तुरटी फिरवून ठेवली होती. गेनूनं तांब्या पार तळापर्यंत घातला आणि ढवळून भरला. आक्कानं एक घोट घेतला आणि थू थू केलं.

"अरे, तुरटी फिरवलेलं पाणी असं ढवळतात का? वरचं निवळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचं. वर फडकं धरायचं. तळाचा गाळ झाडाला ओतायचा. मग भांडं घासून पालथं घालायचं. शिरलं का?"

"शिरलं, आक्का."

रविवार उजाडला. आक्का नवं लुगडं नेसून पाहुण्यांना आणायला एसटी स्टँडवर निघाली. दारातून मागं वळली. "गेनू, तुरटी फिरवलेल्या पाण्याचं काय सांगितलंय, ध्यानात आहे ना?"

"शब्दन् शब्द."

आक्का निर्धास्त गेली.

एसटी आली ती उशिरा. उन्हात विहीणबाईंचा चेहरा आंबला होता, पण पोरं उड्या मारत होती. "आजी, पाणी खरंच निळं आहे का? तळ दिसतो का?" आक्काची छाती फुगली. "अगं, तळावरचे मासे मोजून घे!"

वाटेत बाया भेटत होत्या. कुणाच्या डोक्यावर हंडा, कुणाच्या कमरेला कळशी, प्रत्येकीच्या भांड्याला वर फडकं बांधलेलं. "आक्का, पुण्य लागेल बघा तुम्हाला!" एक म्हणाली. आक्काला काही समजलं नाही. ती नुसतं हसली.

अंगणात पाय ठेवला आणि आक्काचं हसू तिथंच थिजलं. आळीतल्या गड्यांना हाताशी धरून गेनूनं निळा हौद पालथा घातला होता. राखेनं घासून घासून चकचकीत केलेला, उन्हात वाळत पडला होता. नारळाच्या बुडाशी गाळ ओतलेला होता. गेनू घामानं निथळत उभा होता, आणि तोंडभर हसत होता.

पोरांनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्याच नाहीत. आक्का मटकन पायरीवर बसली. विहीणबाईंनी हौदाभोवती एक फेरी मारली, पदरानं घाम पुसला आणि विचारलं, "काय हो मामा, पाणी स्वच्छ आहे म्हणे तुमच्या हौदात?"

गेनूनं छाती काढली.

"शोधा, विहीणबाई. खुशाल शोधा. या हौदात घाण पाण्याचा एक थेंब जरी सापडला, तर गेनू नाव लावणार नाही!"