पातळ चिठ्ठी

फ्रान्स देशात जंगलाच्या कडेला एक गाव होतं. तिथं ओनोरे नावाचा एक कारागीर लाकडी बूट कोरून पोट भरायचा. जंगल जमीनदाराचं, लाकूडही त्याचंच.

त्या वर्षी निवडणूक आली. राजाची सत्ता जाऊन काही वर्षं झाली होती. जमीनदाराच्या पक्षाला गादीवर पुन्हा राजा बसवायचा होता. दुसऱ्या पक्षाला लोकांचं राज्य टिकवायचं होतं. मत म्हणजे पक्षाने छापलेली चिठ्ठी. राजाच्या पक्षाची जाड, दुसऱ्याची पातळ. घडी घातली तरी बोटांना फरक कळायचा.

जमीनदाराचा कारभारी दारोदार फिरला. "पातळ चिठ्ठी देणाऱ्याला जंगलातलं फाटंसुद्धा मिळणार नाही," एवढंच तो म्हणाला.

ओनोरेची झोप उडाली. त्याच्या आजोबांनी राजाच्या काळात जमीनदाराकडे फुकट राबून कंबर मोडून घेतली होती. त्याला पातळ चिठ्ठीच द्यायची होती. पण शेजाऱ्यापाशीही तो बोलेना. कोण जाऊन सांगेल, काय नेम?

बायको म्हणाली, "थंडी तोंडावर आली आहे. काय करायचं ते विचार करून करा."

मतदानाला कारभारी पेटीजवळच उभा होता. ओनोरेने चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठ्या घेऊन पेटीत टाकणाऱ्या गावप्रमुखाने ती बोटांनी चाचपली.

"ओनोरे, हा कागद पातळ लागतोय. चुकून आणलास का? बदलून घे."

ओनोरेचे पाय लटपटू लागले.

"चूक नाही, साहेब," तो कसाबसा म्हणाला. "माझं मत हेच."

चिठ्ठी पेटीत पडली. आता आपलं घर उठलं, असं समजून तो मान खाली घालून वळला. मागे म्हातारा मेंढपाळ बास्तियाँ उभा होता. त्याने हातातली जाड चिठ्ठी खिशात कोंबली आणि टोपीतून पातळ काढली. त्याच्यामागच्यानेही तेच केलं.

पेटी उघडली तेव्हा ब्याण्णवांपैकी एकसष्ट चिठ्ठ्या पातळ निघाल्या. ज्या शेजाऱ्यांना आपण भीत होतो, ते आपल्यालाच भीत होते, हे ओनोरेला तेव्हा कळलं.

कारभाऱ्याने त्याचं लाकूड बंद केलंच. मग जमीनदाराचे लाकूडतोडे म्हणाले, "त्याचं लाकूड बंद, तर आमची कुऱ्हाडही बंद." तिसऱ्या दिवशी ओनोरेच्या दारात कारभाऱ्यानेच पाठवलेली लाकडाची गाडी येऊन उभी राहिली.

तात्पर्य: भीती माणसामाणसांत भिंत घालते. लटपटत्या पायांनी का होईना, कुणीतरी ती ओलांडली, की पलीकडचे सोबती दिसतात.