बिट्ट्यांत हरवला भुरूचा चेंडू

“दे माझा चेंडू.”
“नाही देत.”
“दे म्हणतो ना.”
“मी कशाला देऊ? खाली पडलाय. शोध की.”

भांडत कोण होतं? कुत्र्याचं पिल्लू भुरू आणि बिट्टीचं झाड.

झाडाला पिवळी पिवळी फुलं. हिरवी हिरवी फळं. त्या फळांना म्हणायचं बिट्ट्या. झाडाखाली नुसता बिट्ट्यांचा सडा.

भुरूचा चेंडूही हिरवा. एवढासाच. गडगड गडगड गेला आणि बिट्ट्यांत मिसळला. आता चेंडू कुठला आणि बिट्टी कुठली?

“एकेक चावून बघतो,” भुरू म्हणाला. “मऊ लागेल तो चेंडू.”

“गुर्र,” भुरूची आई म्हणाली. “तोंड मागे घे. बिट्टी विषारी असते. पोटात गेली तर कुत्रं मरतं.”

भुरूनं तोंड मागे घेतलं.

“मग झाडा, तूच उचल.”

“फळं टाकणं माझं काम. उचलणं माझं नाही. जा खराट्याकडे.”

भुरू निघाला. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

“खराट्या, खराट्या, बिट्ट्या झाड.
बिट्ट्या झाडल्या, की चेंडू मिळेल.”

खराटा म्हणाला, “नाही झाडणार. माझ्या काड्या सुटल्यात. आधी सुतळीला सांग, मला बांध.”

भुरू निघाला. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

“सुतळी, सुतळी, खराटा बांध.
खराटा बांधला, की बिट्ट्या झाडेल.
बिट्ट्या झाडल्या, की चेंडू मिळेल.”

सुतळी म्हणाली, “नाही बांधणार. मी अडकलेय कोंबडीच्या पायात. आधी तिला सांग, उभी राहा.”

भुरू निघाला. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

“कोंबडी, कोंबडी, उभी राहा.
कोंबडी उभी राहिली, की सुतळी सुटेल.
सुतळी सुटली, की खराटा बांधेल.
खराटा बांधला, की बिट्ट्या झाडेल.
बिट्ट्या झाडल्या, की चेंडू मिळेल.”

कोंबडी म्हणाली, “नाही राहणार. पोट रिकामं आहे माझं. उकरू का उभी राहू? आधी आक्काला सांग, कण्या टाक.”

यमुआक्का बसली होती पायरीवर. घर तिचं, अंगण तिचं, झाडही तिनंच लावलेलं.

भुरू निघाला. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

“आक्का, आक्का, कण्या टाक.
कण्या टाकल्या, की कोंबडी उभी राहील.
कोंबडी उभी राहिली, की सुतळी सुटेल.
सुतळी सुटली, की खराटा बांधेल.
खराटा बांधला, की बिट्ट्या झाडेल.
बिट्ट्या झाडल्या, की चेंडू मिळेल.”

आक्का म्हणाली, “नाही टाकणार. माझी एक चप्पल गेलीय. अंगण तापलंय, अनवाणी कशी येऊ? आधी चप्पल आण. कुणी नेली ते ठाऊक आहे हो मला.”

भुरूचे कान पडले. शेपूट खाली गेलं.

चप्पल कुणी नेली होती? भुरूनंच.
कुठे होती? रांजणामागे.

भुरू गेला हळूहळू. आला ओढत ओढत. फरफर, फरफर.

“चपलेचा अंगठा चावलास होय रे?” आक्का म्हणाली. “असू दे. आणलीस ना.”

आक्कानं चप्पल घातली. चटक फटक.
आक्कानं कण्या टाकल्या. कोंबडी उभी राहिली. टिप टिप टिप.
कोंबडी उभी राहिली, सुतळी सुटली. सुळ्ळ.
सुतळी सुटली, खराटा बांधला. करकच्च.
खराटा बांधला, बिट्ट्या झाडल्या. खर्र खर्र, खर्र खर्र.

बिट्ट्या गडगडल्या. एक मात्र उडाला. टुण्ण.

“माझा चेंडू,” भुरू म्हणाला.

“थांब,” आई म्हणाली. “आधी धुऊ दे.”

आक्कानं बिट्ट्या खड्ड्यात पुरल्या. हात धुतले. चेंडू धुतला. “आता रोज सकाळी झाडायचं,” ती खराट्याला म्हणाली, “हा उठायच्या आत.”

भुरू झाडाकडे वळला. “तू वाईट.”
“मी वाईट? देवाला फुलं माझीच लागतात.”
“तू विषारी.”
“तू चप्पलचोर.”
“तू—”

आक्कानं भुरूपुढे भाकरीचा तुकडा टाकला आणि म्हणाली, “पुरे दोघांचं, फुलं देवाला, बिट्ट्या खड्ड्यात, चेंडू भुरूला, आणि तोंड लावायचं ते फक्त भाकरीला.”