पाटलीणबाईंची जरीची गोधडी

गोष्ट इतकी जुनी आहे, की ती जिथं घडली त्या गावाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. मला मात्र ती आठवली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका.

डोंगराच्या कुशीत ते गाव होतं. थंडी अशी पडायची की सकाळी हाताची बोटं वळत नसत. म्हणून थंडीच्या तोंडावर तिथं अदलाबदलीचा दिवस असे. प्रत्येक घरानं आपल्या हातानं केलेली एक वस्तू देवळापुढं आणून ठेवायची आणि दुसऱ्या घरची एक घेऊन जायची. कुणी मडकी आणी, कुणी दोर. पण बहुतेक घरांतून यायच्या त्या गोधड्या. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर एकावर एक घालून, बारीक धावदोरा मारून शिवलेल्या. घडी घातलेल्या, सुतळीनं बांधलेल्या.

आणि रीत अशी, की तिथं सुतळी सोडायची नाही. गाठ सोडून आत बघणं म्हणजे जिनं शिवली तिच्यावर संशय घेणं. मोठा अपमान!

गावात बांबूच्या टोपल्या विणणारी एक म्हातारी होती. तिची लेक बाळंतपणाला आली होती. बाळ वीस दिवसांचं. कुडाच्या घरात चारी बाजूंनी वारा शिरायचा. म्हातारीला एकच ध्यास लागला होता, बाळ-बाळंतिणीला एक जाड गोधडी मिळावी. सुईत दोरा ओवण्याइतकी नजर तिला राहिली नव्हती. म्हणून दोन महिने खपून तिनं धान्याची कणगी विणली. पुरुषभर उंच, आणि वीण अशी घट्ट की नाचणीचा दाणा बाहेर पडू नये.

कणगी बघून पाटलांचे डोळे चमकले. ते म्हणाले, "ही आमच्या वाड्यावर येऊ दे. तू आमच्या घरची गोधडी ने, म्हातारे."

पाटलीणबाईंची गोधडी! वरून जरीकाठी लुगडं, उन्हात नुसतं झळकत होतं. बायका हळहळल्या. म्हातारी ती छातीशी धरून घरी गेली.

घरी गाठ सोडली. दोन दिवस बाळ-बाळंतीण त्या गोधडीखाली कुडकुडली. तिसऱ्या दिवशी गोधडी एका कडेनं उसवली आणि आतून भसाभसा भाताचं तूस सांडलं. लुगड्याचा थर एकच, बाहेरून गुंडाळलेला. आत कुजकं गोणपाट आणि तूस! तोवर बाळाची छाती भरली होती. महिन्याचंही नव्हतं लेकरू ते, रडायचंही त्राण राहिलं नव्हतं त्याला.

म्हातारी गोधडी घेऊन तडक देवळापुढं आली. गाव जमलं.

पाटील म्हणाले, "गाठ घरी सोडलीस ना? मग तूस तूच भरलं नाहीस कशावरून?"

पाटलीणबाई म्हणाल्या, "माझं जरीचं लुगडं फाडलंन् आणि वर मलाच बोल लावते!"

बघितलंत? देवळापुढं सोडली असती तर अपमान, आणि घरी सोडली तर चोरी.

म्हातारी गावच्या बायकांकडं वळली. "बायांनो, टाका बघा गं. दोन लांब, एक आखूड. मांडीला मांडी लावून शिवता तुम्ही. ह्यो कुनाचा हात, तेवढं सांगा."

चाळीस बाया होत्या. चाळीसजणींनी तो टाका ओळखला. पण एकीचा नवरा पाटलांच्या शेतावर होता, एकीला पाटलांच्या विहिरीचं पाणी हवं होतं, आणि बाकीच्यांना कशाला उगाच वाईटपणा घ्या असं वाटत होतं. शेवटी एकजण पुटपुटली, "टाक्यावरनं काय कळतंय, म्हातारे?"

काय कळतंय म्हणे! हीच बाई लेकीच्या सासरची गोधडी नुसती हातात घेऊन विहिणीच्या कुठल्या जावेनं शिवली ते सांगायची. त्या दिवशी बरी तिची नजर अधू झाली!

पंचांनी निकाल दिला. शिवणारीवर संशय घेऊन म्हातारीनं रीत मोडली, कणगी परत मिळणार नाही.

म्हातारी म्हणाली, "पाटलीणबाईंनी मला फसवलं, त्यांचा राग हायेच. पर त्या एकल्या व्हत्या. तुम्ही चाळीस व्हता."

त्याच दिवशी लेक आणि बाळ घेऊन ती खालच्या गावी गेली. तिथं एका अनोळखी बाईनं अंगावरची गोधडी काढून बाळाला गुंडाळलं, चुलीजवळ जागा दिली. महिन्याभरानं बाळ सावरलं. ह्यात डोंगरावरच्या गावाचं काडीचंही श्रेय नाही, हे ध्यानात ठेवा.

पुढच्या वर्षी पुन्हा अदलाबदलीचा दिवस आला. देवळापुढं गोधड्यांचा ढीग लागला. पंच म्हणाले, "उचला." कुणी हात पुढं केला नाही. प्रत्येकीच्या मनात एकच होतं: हिच्यात तूस निघालं तर माझ्या बाजूनं कोण बोलणार? आणि उत्तर तर जिला तिला ठाऊक होतं, कारण गेल्या वर्षी ती स्वतःच गप्प बसली होती.

ऊन कलेपर्यंत सगळे उभे राहिले. मग एकेकीनं आपलीच गोधडी उचलली आणि खाली मान घालून घरची वाट धरली. मडकीवाला मडकी घेऊन परतला, दोरवाला दोर. त्यांच्या घरी त्या थंडीत पांघरायला काही नव्हतं.

ढिगातली शेवटची गोधडी जरीची होती. ती पाटलीणबाईंना स्वतःच उचलावी लागली. आत काय भरलंय हे त्या गावात फक्त त्यांनाच नक्की माहीत होतं, आणि तीच पांघरून त्यांना हिवाळा काढायचा होता.

बोध: खोटा टाका एकजणच घालते, पण तो ओळखूनही जे गप्प बसतात ते साऱ्या गावाला उघड्यावर पाडतात.