घोरपडेशेठची सही

जुनी गाडी वाटेत बंद पडली तर लेकीला दवाखान्यात कसं न्यायचं, या काळजीनं हेमांगीला चार दिवस झोप नव्हती. छापखाना बुडाला, कोर्टानं नवरा-बायकोला दिवाळखोर ठरवलं; आता कर्ज कोण देणार? शेवटी पाटल्या मोडून, लेकीचं बोट धरून ती घोरपडेशेठच्या गाडीबाजारात आली.

शेठनं चकचकीत लाल गाडी दाखवली. "डॉक्टरांची गाडी. एकदाही ठोकलेली नाही."

"मेकॅनिकला दाखवून घेते."

"ताई, तुमची सही एकही बँक घेत नाही, आणि तपासणी आमची? घोरपडेचा शब्द आहे. घ्यायची तर घ्या."

नोकर फिदीफिदी हसले. आपलंच चुकलं की काय, असं हेमांगीला क्षणभर वाटलंही. मग तिनं पर्समधून कोरा कागद काढला.

"खरंय शेठ, माझी सही कुणी घेत नाही. तुमची तर बाजारभर चालते. एवढंच लिहून द्या, गाडी ठोकलेली निघाली तर सगळे पैसे परत."

शेठनं पेन उघडलं, लाल गाडीकडे पाहिलं, पेन बंद केलं. मग कोपऱ्यातल्या रंग उडालेल्या गाडीकडे बोट केलं. "ती न्या. तिचं लिहून देतो."

सही झाली, किल्ली मिळाली. तेवढ्यात लेकीनं शेठनाच विचारलं, "काका, मग ती लाल गाडी आता कुणाला विकणार?"